मुद्देमाल खोलीतल्या चार बाटल्या

जमिनीतून सळई वर आली तेव्हा तिच्या टोकाला जे लाल लागलेलं होतं, ते अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. छत्तीस वर्षं खाकी घातली. खून पाहिले, विहिरीतून काढलेली माणसं पाहिली. पण कोणी विचारलं की बाई, तुमची कोणती केस तुम्हाला झोपू देत नाही, तर मी ही बाटल्यांची केस सांगते. ऐकणारे हसतात. दारूबंदीची केस म्हणजे ठाण्यातली भाजी-भाकरी, रोजचीच. तिच्यात आठवण्यासारखं काय?

सांगते. नावं मात्र कोणाचीच सांगणार नाही. ठाणं उमरखेड-महागावच्या पट्ट्यातलं होतं, एवढं पुरे. मी शिपाई म्हणून लागले आणि सहायक पोलीस उपनिरीक्षक होऊन घरी आले. शाळा दहावीपर्यंतच. बाकीचं मराठी मी स्टेशन डायरी लिहून लिहून शिकले, तेव्हा मध्येच कुठे ‘सदर महिला’ आली तर सांभाळून घ्या.

मे महिना होता. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मिस्टर जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगा बेंगलोरला, त्यामुळे मी घरी कमी आणि ठाण्यात जास्त असायची. ठाण्यात निदान कोणीतरी ‘मॅडम’ म्हणून हाक मारतं. तर एक दिवस सकाळीच आमच्या नेहमीच्या खबऱ्याचा फोन आला.

“तांड्यावरच्या बुढीच्या घरात माल हाये मॅडम. जमिनीत पुरला हाये.”

“कशावरून?”

“रोज संध्याकाळी एकाच जागी पानी शिपडते. मंग हात ठिवते जमिनीवर, अन् बोलते.”

“कोणाशी बोलते?”

“जमिनीसंग! सडवा उतला का नाई ते पाह्यत असन. दुसरं काय?”

आता हे त्याचं म्हणणं आम्हाला पटलं, यात आमचाही दोष आहे. मोहाचा सडवा, म्हणजे दारूसाठी आंबवायला घातलेली फुलं, माठात भरून जमिनीत पुरतात, तो आत उकळ्या मारतो, वरच्या मातीला ऊब लागते. जुन्या पोलिसांना हे पाठ. आणि तांडा म्हटला की आमच्या लोकांच्या डोक्यात आधी दारूच येते. तिथली माणसं कापूस पिकवतात, पोरं इंजिनिअर होतात, ते नंतर येतं. हे मी स्वतःलाही धरून सांगते. डायरीला नोंद घेतली, दोन पंच बोलावले, आमचे जमादार, एक महिला शिपाई आणि मी, असे जीपने निघालो. जमादार म्हणजे हवालदार, माझ्याहून चार वर्षांनी लहान, तोंडाचा फटकळ, पण मनाने लोणी.

तांड्याच्या टोकाला दोन खोल्यांचं घर. दारात एक म्हातारी उभी. पासष्टीची असेल. अंगावर जुना आरशांचा घागरा, आणि दोन्ही दंडांवर बांगड्यांचे नुसते वळ. नवरा गेला की तांड्यावरच्या बायका दंडावरच्या बांगड्या उतरवतात. तांड्यावरचे सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे आई. मी झडतीचं कारण सांगितलं. ती बाजूला झाली. ज्या घरात काही नसतं तिथली बाई आरडाओरडा करते. ही गप्प राहिली, तेव्हा मला वाटलं, माल नक्की आहे.

आतल्या खोलीत जात्याजवळ जमीन ओली होती. तिथेच जमादारांनी सळई घातली. आमची सळई म्हणजे चार हात लांब, टोक घासलेलं लोखंड. जमिनीत खुपसत जायचं, पोकळ लागलं की खणायचं. पहिल्यांदा घातली, काही नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा ‘खळ्’ असा आवाज आला. जमादारांनी सळई वर ओढली, आणि टोकावरून काळपट लाल थेंब ओघळला.

“अरे बाप्पा! रक्त!” जमादार तिथेच मागे बसले. एक पंच तर बाहेर अंगणात जाऊन उभा राहिला.

याडी मात्र पुढे आली. त्या भोकावर तिने तळहात ठेवला आणि इतकंच म्हणाली, “गेली. पयली गेली.”

आम्ही खणलं. कमरेइतका खोल खड्डा, आत विटा लावलेल्या, तळाला राख आणि कडुनिंबाचा पाला. त्यात पाच बाटल्या आडव्या झोपवलेल्या. प्रत्येक बाटलीला ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचं आवरण चढवलेलं, बाळाला कुंची घालावी तसं. मानेला दोरा, आणि दोऱ्यात कवड्या. एकीला एक, दुसरीला दोन, असं करत पाचवीला पाच. एकच कवडी असलेली फुटली होती. लेबल एकाही बाटलीला नव्हतं. खोलीत वास सुटला होता, पण तो दारूचा नेहमीचा भपकारा नव्हता. पिकलेलं जांभूळ, नवं लाकूड आणि ओली माती. जमादार उठून उभे राहिले आणि हुंगून म्हणाले, “बुढी शौकीन दिसते मॅडम. आपल्या हद्दीत असा माल म्या पाह्यला नाई.”

फुटलेल्या बाटलीच्या बुडाशी थोडी राहिली होती, ती नमुना म्हणून घेतली. लाख लावली, सील केलं, पंचांच्या सह्या घेतल्या. बाकीच्या चार बाटल्या जप्त केल्या. जीपमध्ये बसताना याडीने मागे वळून घराकडे पाहिलं नाही, माझ्या मांडीवरच्या पोत्याकडे पाहत राहिली.

ठाण्यात तिला मी माझ्या टेबलासमोर बसवलं, पाणी दिलं, आणि विचारलं, “घरात कोण कोण?”

“कोनी नाई.”

“मूलबाळ?”

“नाई.”

“नवरा?”

“दोन साल झाले.”

मी लिहिलं, पती मयत. “आणि ही दारू कोणी दिली?”

“कोनं द्याव? मीच काढली.”

इतक्या वर्षांत एक गोष्ट शिकले, ती इथे सांगून ठेवते. गुन्हा केलेला माणूस आधी नाकारतो, मग अर्धं कबूल करतो, मग दुसऱ्याचं नाव घेतो. जो पहिल्याच प्रश्नाला ‘मीच’ म्हणतो, त्याच्या पाठीमागे कोणीतरी उभं असतं.

“कशाची काढली?”

“मोहाची.”

“मोहाची दारू लाल कशी झाली?”

“जांभूळ टाकलं.”

“आणि बूच कोणी बसवलं?”

“म्याच. ठोकून.”

फुटलेल्या बाटलीचं बूच मी ठेवलं होतं. ते आणि एक रिकामी बाटली तिच्यासमोर सरकवली, टेबलावरचं लोखंडी वजन हातात दिलं. “दाखव बरं ठोकून.”

तिने खरंच ठोकलं. बूच आत काही जाईना. एकदा निसटून जमादारांच्या चहात पडलं. ते म्हणाले, “याडी, तू दारू काढत असशीन तर म्या विमान उडवतो!” महिला शिपाई तोंड वळवून हसली. याडीने वजन खाली ठेवलं आणि आपल्या हाताकडे पाहिलं. “तव्हा जोर व्हता हातात,” ती म्हणाली.

मलाही हसू आलं. पण लगेच ती जे बोलली त्याने ते राहून गेलं. “बाई, सालभर ठिवता का मले? ठिवा. पन लवकर लिहा. पाऊस यायच्या आधी लिहून टाका, माह्यं नाव टाका, केस बंद करा.”

आरोपी वेळ मागतो. घाई मागणारा आरोपी मी तोवर पाहिला नव्हता.

कबुली दिली आहे म्हटल्यावर जबाब लिहावाच लागतो. चार पानं झाली. मोह कुठून आणला, माठ कुठे ठेवला, किती दिवस मुरवला, ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले, दोघींना माहीत होतं की हे खोटं आहे. शेवटी वाचून दाखवलं, अंगठा घेतला, सूचनापत्र देऊन दिवस मावळायच्या आत घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ती पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशीही. ठाण्याच्या व्हरांड्यात मुद्देमाल खोलीच्या समोर बसायची. आमची ती खोली म्हणजे मागच्या बाजूला टिनाचं छत, खिडकी एक, तीही बंद. मे महिन्यात आत पाऊल टाकलं की भाकरी भाजावी तशी झळ तोंडावर यायची. चार बाटल्या मी माझ्या हाताने तिथल्या लोखंडी फळीवर ठेवल्या होत्या. रांगेत, उभ्या, नंबर समोर दिसेल अशा. आमची तीच पद्धत.

“बाई,” ती म्हणाली, “त्या खोलीले पानी मारू द्या. टिनावर नाई तर निदान जमिनीवर. उन्हात मरतीन त्या.”

“मुद्देमाल खोलीत कोणाला जाता येत नाही, मावशी.”

“मी आत नाई जात. उंबऱ्यावरून मारतो. नाई तं तुमीच मारा.”

मी नाही म्हटलं. बाटल्या काय मरणार आहेत, असं मनात आलं. तिच्या हातात घरून आणलेला तांब्या होता, त्याला ओलं फडकं गुंडाळलेलं. तो तिने तसाच शेजारी ठेवून दिला. दुपारी मी जेवायला बसायची तेव्हा तिला हाक मारायची. दोघी एकट्या बायका, डबा वाटून खायचो. ती मला विचारायची, “तुह्यं लेकरू फोन करते का?” मी म्हणायची, “रविवारी.” “मंग बरं हाये,” ती म्हणायची. तिला लेकरू नाही असं माझ्याच कागदावर लिहिलेलं, आणि विचारायची ती कशी? फोन न येणं ज्याला ठाऊक आहे, तशी.

चौथ्या दिवशी मी ट्यूबची ती आवरणं टेबलावर पसरली. तोवर सगळ्यांनी बाटल्यांकडे पाहिलं होतं, गुंडाळीकडे कोणी नाही. एकावर पंक्चरचं ठिगळ होतं. नेहमी गोल ठिगळ असतं. हे चौकोनी, आणि चारही कोपरे कात्रीने गोल केलेले. असं नीटनेटकं काम हजारात एक करतो. आमच्या जीपचा ड्रायव्हर पाहताक्षणी म्हणाला, “हे तर चाचाचं काम हाये. उमरखेडले, बसस्टँडपासून थोडं पुढं. कोपरे उचलत नाई म्हणे.”

चाचा म्हणजे साठीचा गॅरेजवाला, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. मी एकटीच गेले, साध्या साडीत. त्याने ठिगळ पाहिलं आणि हातातला पाना खाली ठेवला.

“बुढी बरी हाये ना मॅडम?”

“ठाण्यात बसली आहे. दारू मीच काढली म्हणते.”

“या अल्ला!” तो स्टुलावर बसला. “म्या बुढ्याले जबान देलती, कोनाले सांगत नाई म्हनून. पन आता बुढा नाई राह्यला, जबान कोनासाठी पाळू?”

मग त्याने सांगितलं. याडीला मुलगी आहे, एकच. आश्रमशाळेत बारावी सायन्स केलं, घरच्यांबरोबर नाशिकला द्राक्षतोडीला जायची, तिथेच एका वाइनच्या कारखान्यात लागली आणि हुशारीने वर चढली. बापाने सोयरीक जमवली. होळीला घरी आली तेव्हा तिने लग्नाला नाही म्हटलं, आणि आपण वाइन करतो हेही सांगितलं. बाप संतापला. तरुणपणी दुसऱ्याच्या भट्टीपायी त्याने पोलिसांचा मार खाल्ला होता, मुलगी त्याच धंद्यात गेली असं त्याला वाटलं. तांड्यात होळीएवढा मोठा सण नाही. सगळ्यांसमोर तो म्हणाला, “पाच होळ्या या तांड्यात तोंड दाखवू नको. फोनबी नाई.”

“अन् ती बी त्याचीच पोरगी,” चाचा म्हणाला. “शब्द म्हनजे शब्द. पन पुढच्या होळीले एका ट्रकवाल्यापाशी बाटली धाडली. एक कवडी बांधून. म्हने माह्या हातची पयली हाये, पाच होतीन तव्हा मी येतो, मंग उघडू.”

“बापाने घेतली?”

“घेतली? मॅडम, होळीच्या आदल्या दिवशी सकाळीच येऊन बसे इथं, ह्या टायरवर. ट्रक संध्याकाळी ये. ट्रकवाल्याले एकच इचारे, ‘हासत व्हती का?’ बस. मंग ट्यूब मी कापून देत जाय, गुंडाळून छातीशी धरून नेत जाय. खड्डा त्यानंच खनला. बुढीले म्हने, पोलीस पाह्यतीन, उजेड लागू देऊ नको, रोज पानी मार. तीन होळ्या आला. मंग अटॅक आला. चौथी अन् पाचवी म्या नेऊन देली. पाचवीसंग पोरीचा निरोप व्हता, पाऊस यायच्या आधी येतो म्हनून.”

“मुलीला कळवलं नाही कोणी, बाप गेल्याचं?”

चाचाने मान हलवली. “बुढीनंच कसम घातली. म्हने, शब्द त्याचा, परत घ्याले तो नाई. मी कशी मोडू? अन् पोरगी आली, पोलिसानं धरली तर?”

तेव्हा माझ्या डोक्यात सगळं जागेवर बसलं. मुलगी पावसाच्या आधी येणार होती. याडीच्या समजुतीने मुलगी नाशिकला चोरून दारू काढते, आणि गावात पाऊल टाकताच आम्ही तिला धरणार. म्हणून ती घाई. म्हणून ते ‘मीच’. कारखान्याला सरकारी परवाना असतो, मुलीला महिन्याला पगार असतो, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं, कारण ती कोणाला विचारणार? विचारलं तर नाव फुटणार.

ट्रकवाल्याकडून नंबर मिळाला. ठाण्यात येऊन मी फोन लावला. पलीकडून स्वच्छ, हसरा आवाज. पोलीस म्हटल्यावर ती घाबरली, पण बाटल्यांचं ऐकल्यावर तिला बोलायला हुरूप आला.

“मॅडम, हातभट्टी नाही हो ती. एकाच जातीच्या द्राक्षाची आहे, शिराझ म्हणतात, दुसऱ्या जातीचा एक दाणा नाही त्यात. ओकच्या लाकडाच्या पिंपात दीड वर्ष मुरवलेली. ते पिंप पहिल्यांदा माझ्यावर सोपवलं होतं, म्हणून लेबल लागायच्या आधीच पाच बाटल्या मला दिल्या कंपनीने. पत्र आहे माझ्याकडे, पाठवते. अंगाने जाड वाइन आहे ती, लवकर उघडली तर जीभ आवळते. आडवी पडून पाच वर्षं राहिली की मऊ होते. आमचे बाबाही तसेच आहेत,” ती हसली, “पाच वर्षं म्हणाले, तर म्हटलं दोघंही एकदमच तयार होतील.”

मी पेन घेतलं. नोंद करायची होती ना. याडीचा जबाब समोर उघडा होता. सवयीने मी लिहिता लिहिता मोठ्याने बोलत गेले, “तुमचं नाव लिहिलं. वय लिहिलं. वडील मयत, आई हयात...”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“मॅडम, काय म्हणालात?”

माझ्या हातातलं पेन कागदावरच राहिलं, तिथे शाईचा ठिपका पडला. हजारो कागदांवर मी तो शब्द लिहिला असेन. मयत. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. मी म्हटलं, “बाळा, कोणी आहे का तुझ्याजवळ?” ती म्हणाली, “नाही, सगळे जेवायला गेलेत.” मग मी सांगितलं. दोन वर्षं झाली म्हणून सांगितलं. ट्रकवाल्याला ते काय विचारायचे, तेही सांगितलं. ती रडली नाही. इतकंच विचारलं, “चौथी बाटली मग कोणी ठेवली खड्ड्यात?” आणि फोन ठेवला.

फोननंतर तिसऱ्या दिवशी मुलगी आली. व्हरांड्यात याडी बसलेली होती. मुलीला पाहिलं आणि उठून उलट मलाच धरलं, “बाई, हे कोनी नाई माह्यी! मी नाई वळखत हिले!” मुलगी तिच्या पायाशी बसली आणि त्यांच्या बोलीत काहीतरी पुटपुटत राहिली. याडी तिच्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि मान हलवून ‘नाई, माह्यी नाई’ म्हणत होती. जमादार आत जाऊन उगीच कपाट लावत बसले. मी परवान्याची प्रत, कंपनीचं पत्र, सगळं याडीसमोर धरून वाचून दाखवलं, शिक्क्यावर तिचं बोट ठेवलं. “सरकारी शिक्का आहे मावशी. तुझी मुलगी चोर नाही.” तेव्हा कुठे ती म्हणाली, “माह्यी छोरी हाये हे.”

मग मुलीने विचारलं, “बाटल्या बघू शकते?”

मी खोली उघडली. ती आत आली नाही, दारातूनच झळ लागली तिला. फळीवर चार बाटल्या उभ्या होत्या. एकीचं बूच वर सरकलेलं, मानेवरून लाल ओघळ वाळून काळा झालेला. 

“आडव्या ठेवता येतील?” एवढंच म्हणाली.

मी त्याच वेळी आडव्या केल्या, खाली ओलं पोतं घातलं, आणि त्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ खोलीला स्वतः पाणी मारलं. कोणत्या नियमात बसतं, ते पाहिलं नाही.

गैरसमजुतीतून दाखल झालेला गुन्हा म्हणून केस बंद करायची ‘क समरी’ कोर्टाला पाठवली. ठाणेदारांनीही आडकाठी केली नाही. कोर्टाचा आदेश यायला पोळा जवळ आला. मुलगी पुन्हा रजा काढून आली. बाटल्या पोचवायला मी गेले. पोचपावतीवर सही घ्यायची होती, हे एक निमित्त. खड्डा तसाच उघडा होता. त्याच्या काठावर आम्ही तिघी बसलो. मुलीने दोन कवड्यांची बाटली उघडली, पेल्यात थोडी ओतली, नाकाशी धरली. मी काही त्यातली जाणकार नाही, आयुष्यात कधी थेंब घेतला नाही. पण त्या खोलीत छाप्याच्या दिवशी सुटलेला वास माझ्या नाकात पक्का होता, आणि हा तो नव्हता. हा शिळ्या चिंचेच्या कोळासारखा होता.

मुलीने घोट घेतला. चेहरा हलू दिला नाही.

“चांगली झाली, याडी.”

याडीने बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. “आंबट हाये वं.”

“अशीच असते.”

“यासाठी पाच होळ्या?” याडी म्हणाली, आणि मग दोघी हसायला लागल्या, हसता हसता याडीने ओढणीचा पदर डोळ्यांना लावला.

मला सोडायला मुलगी रस्त्यापर्यंत आली. तिथे थांबून म्हणाली, “मॅडम, याडीला सांगू नका. चारही गेल्या. उन्हाने उकळल्या. आम्ही कारखान्यात ज्या गारव्यासाठी मशिनी लावतो, तो बाबांनी मातीत करून ठेवला होता. तुमच्या सळईने जी फुटली ना, तेवढीच चांगली होती.” मग ती घराकडे वळून म्हणाली, “ती त्यांच्याच खड्ड्यात जिरली. म्हणजे पोचली त्यांना.”

मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

याडी नाशिकला गेली नाही. म्हणते, खड्डा सोडून कुठं जाऊ. आता मुलीचा फोन रोज येतो, होळीला ती स्वतः येते. मी निवृत्त झाले, यवतमाळला दोन खोल्यांत राहते. मुलाचा फोन अजूनही रविवारीच येतो. मेच्या संध्याकाळी अंगणात पाणी मारते आणि झाल्यावर उगीच हात ठेवून पाहते, जमीन निवली का.

या केसने काय शिकवलं, ते सांगायचं तर असं, की जी उत्तरं आपण मागतो ती आपण लिहून घेतो, आणि माणूस आपण होऊन जे सांगतो ते कानाआड होतं. तिचा खोटा जबाब मी चार पानं लिहिला, वाचून दाखवला, अंगठा घेतला. त्या सगळ्या दिवसांत बाटल्यांबद्दल ती पोलिसांशी एकच गोष्ट खरी बोलली होती, आणि ती माझ्या कोणत्याही कागदावर नाही. म्हणून आता इथे लिहिते. येत्या होळीला तांड्यावर जाऊन तिला वाचून दाखवणार आहे, पद्धतीप्रमाणे.

सदर महिलेने समक्ष सांगितले की, त्या खोलीला पाणी मारू द्या, नाहीतर उन्हात मरतील त्या. तिचे म्हणणे बरोबर होते. लिहून घेणारी मी.